तुझी लेव्हल किती?

तळेगाव दाभाड्याच्या शेजारी, वराळे-आंबीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आली, तशा गावात भाड्याच्या खोल्याही वाढल्या. या खोल्यांत, आणि त्याआधी तळेगाव-लोणावळ्याच्या सायबर कॅफेंत, गेल्या वीसेक वर्षांत जे ऑनलाइन खेळ येऊन गेले ते क्रमाने पाहिले, तर खेळणाऱ्या पोरांतला एक जुना वाद बराचसा निकालात निघतो. पात्र घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळाला लेव्हल लागतेच का? आणि हिंडायला अफाट मोकळं जग हवंच का?

सुरुवात ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’पासून करावी लागते. हा कोरियन खेळ २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ‘लेव्हल अप!’ नावाच्या कंपनीने भारतात चालवला. कंपनीच्या नावातच सगळा कार्यक्रम होता. ‘नॉव्हिस’ म्हणून जन्मायचं, पोरिंग नावाचे गुलाबी गोळे मारत बसायचं, तलवारबाज किंवा जादूगार व्हायचं आणि ९९ व्या लेव्हलच्या मागे लागायचं. मेलं की जमवलेल्या एक्सपीतला, म्हणजे अनुभवाच्या गुणांतला, हिस्सा कापला जायचा. २००५ नंतरची ती वर्षं लोडशेडिंगची. राक्षसांच्या गराड्यात असताना वीज गेली, तर संध्याकाळभराची कमाई गेली म्हणून समजावं.

त्याहून वाईट भाग वेगळाच होता. दोघांच्या लेव्हलमध्ये ठरावीक अंतरापेक्षा जास्त फरक पडला, की पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, एक्सपी सारखा वाटून घेता येत नसे. म्हणजे ज्याच्या घरी कॉम्प्युटर तो पुढे जाणार, तासाचे पैसे मोजणारा मागे राहणार, आणि शेजारच्या खुर्च्यांवर बसूनही दोघं वेगवेगळ्या रानात शिकार करणार. एकत्र खेळायला आलेल्यांना खेळच वेगळं पाडत होता. गर्दी मात्र प्रॉन्टेरा या राजधानीच्या रस्त्यांवर असायची. तिथे लोक जमिनीवर दुकान मांडून बसत, भाव करत, गप्पा छाटत. तिथे कुणाची लेव्हल कुणी विचारत नसे.

लेव्हल आली कुठून? कागदावर खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून, १९७४ साली. तिथे ती सोयीची होती. चार-पाच मित्र एकाच टेबलाभोवती बसून साधारण बरोबरीने वाढत. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा अक्षरी खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात गुण मिळवत चढायचं आणि शेवटी ‘विझार्ड’ व्हायचं. पुढे महिन्याच्या वर्गणीचे खेळ आले तेव्हा या शिडीला व्यापारी किंमत आली. शिडी जितकी लांब, तितके महिने गिऱ्हाईक टिकणार.

लेव्हल काढून टाकली की सगळं आपोआप सुधारतं, असंही नाही. १९८९ मध्ये जेम्स ॲस्पनीसने ‘टायनीमड’ काढला. त्यात गुण नाहीत, लेव्हल नाही. लोकांनी खोल्या बांधाव्यात आणि बोलावं. तो वर्षभरही चालला नाही. पण त्याच्या धर्तीवर पुढे कितीतरी खेळ निघाले.

मोकळ्या जगाचा अनुभव आणखी शहाणा करणारा आहे. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये लेव्हल नव्हती, कौशल्यं होती. कुणी लोहार, कुणी शिंपी होऊन बसे. जग खरोखर मोकळं होतं, इतकं की कुणीही कुणालाही गाठून मारावं आणि लुटावं. २००० मध्ये कंपनीने त्या जगाची दुसरी, सुरक्षित प्रत काढली, आणि लोक तिकडे लोटले. उलट २००५ च्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये मोकळं जग नव्हतंच. शहरं सामाईक, पण वेशीबाहेर पडलं की प्रत्येक गटाला नकाशाची स्वतंत्र प्रत. लेव्हलही विसावर थांबायची, आणि महिन्याची वर्गणी नव्हती. तरी त्याच्या लाखो प्रती खपल्या.

शिडीवाल्यांनीही पुढे गपचूप शिडी आखूड केली. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने २०१६ मध्ये अशी व्यवस्था केली की कुठल्याही लेव्हलच्या मित्राबरोबर कुठेही जाता यावं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२० मध्ये १२० लेव्हलचं पात्र ५० वर आणून ठेवलं. कॅफेतल्या पोरांना जे लोडशेडिंगच्या काळात कळलं होतं, ते कंपन्यांना इतक्या उशिरा का कळावं, हा प्रश्न वर्गणीच्या हिशेबवहीला विचारावा.

तळेगाव-लोणावळ्याच्या या मावळात मधल्या काळात जिओचं इंटरनेट आलं, आणि मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल. हा पात्रांचा खेळ नव्हे, पण वादासाठी मोलाचा. शंभर जण रिकाम्या हाताने उतरणार, अर्ध्या तासात निकाल, पुढच्या वेळी पुन्हा सगळे सारखे. नवखा आणि मुरलेला एका स्क्वॉडमध्ये बसू लागला. लेव्हल होती, पण ती नावापुढच्या बिल्ल्यापुरती. बंदुकीच्या गोळीला तिचा पत्ता नसे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजीवर बंदी आली तेव्हा हळहळ झाली ती स्क्वॉड मोडल्याची.

त्याच टाळेबंदीच्या वर्षात भारतात जीटीए रोलप्ले फोफावलं. ‘जीटीए ५’ या जुन्या खेळावर ‘फाइव्हएम’ हे सॉफ्टवेअर चढवायचं, सर्व्हरवर अर्ज करायचा, आणि लॉस सँटोस शहरात पोलीस, डॉक्टर, मेकॅनिक किंवा गुंड म्हणून जगायचं. भाषा बहुतेक हिंदी, पण दोन मराठी पोरं भेटली की गाडी लगेच मायबोलीवर. बऱ्याच सर्व्हरांवर लेव्हलला अर्थच नसतो. नियम सोंग टिकवण्याचे असतात: बंदूक रोखली तर घाबरायचं, बाहेरून कळलेली गोष्ट पात्राला माहीत आहे असं वागायचं नाही. गावात बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो आणि दंड मागतो, तेव्हा मजा त्याच्या गणवेशाइतकीच घरधन्याच्या घाबरण्यातही असते, इथेही तसंच. आणि मोकळं जग? नकाशा प्रचंड आहे, पण माणसं लीजन स्क्वेअर हा शहरातला चौक, पोलीस ठाणं आणि हॉस्पिटल इथेच घुटमळतात. डोंगर-वाळवंट पळून जाण्यापुरते.

लेव्हल ही माणसं कमी असतानाची सोय आहे, असं माझं मत या सगळ्यावरून झालं आहे. सर्व्हर ओस असेल तर एकट्याला काहीतरी काम हवं, ते ती पुरवते. गर्दी असली की ती वाटेत येते. आणि जग मोठं असण्यापेक्षा त्यात चार माणसं हमखास भेटतील असा चौक असणं महत्त्वाचं.

पुण्यातही आता खेळ बनतात. नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. एकट्याने खेळायचा, नेमक्या वाटेचा आणि आटोपशीर. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला, तो पबजीच्या जातीचा. पात्र घेऊन वर्षानुवर्षं नांदावं असा ऑनलाइन खेळ या दोघांपैकी कुठलाच नाही. तो कुणी करायला घेतलाच, तर शंभर चौरस मैलांचा नकाशा आखण्याआधी आठवडी बाजार भरेल एवढी एक पेठ आधी बांधावी, आणि मराठीत बोलण्याची सोय चोख ठेवावी. लेव्हलचं नंतर पाहता येईल.