धा, धिं आणि डेडलाइन

ऑफिसात तुम्ही टीम लीड. चार ज्युनियर तुमच्याकडे बघून कोड लिहितात. आणि शनिवारी सकाळी तबल्याच्या क्लासात? शेजारचा सातवीतला मुलगा सफाईने वाजवतोय आणि तुमचा साधा 'ना' निघत नाहीये. अनामिका टेकलेली ठेवून तर्जनीने चाटेवर आघात करायचा, बस्स! पण बोटं ऐकतील तर शप्पथ. इगो पार गारद. तरीही क्लास सोडू नका. करिअरमध्ये माणूस कसा वाढतो, हे तबला-डग्ग्याची जोडी अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा स्वच्छ सांगते.

आधी तोंडाने, मग हाताने

तबल्यात बोल आधी म्हणायचे असतात. हातावर ताल धरून केलेल्या या सरावाला पढंत म्हणतात. तोंड अडखळलं, की हातही अडखळणार. प्रोग्रॅमिंगमध्ये तरी वेगळं काय? लॉजिक साध्या शब्दांत सांगता येत नसेल, तर कीबोर्ड बडवून उपयोग नाही.

स्पीडचा मोह

नवशिक्याला दुगुन-चौगुन कधी वाजवतोय असं होतं. गुरुजी मात्र ठाय लयीतच बसवून ठेवतात, कारण तिथे चूक लपत नाही. घाई केली तर चुकीचं बोटही पक्कं होतं आणि मग ते सोडवायला दुप्पट मेहनत. घाईघाईत 'नंतर बघू' म्हणून लावलेल्या पॅचसारखंच! म्हणूनच रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

तिहाईचा हिशेब

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तीनतालात मात्रा सोळा. तुकडा तीन मात्रांचा असेल आणि मध्ये थांबायचं नसेल, तर सुरुवात नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर करावी लागते. तरच शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. आधी सम बघायची, मग मागे मोजत यायचं. डेडलाइनचं प्लॅनिंग याहून वेगळं नाही.

सर्टिफिकेट आणि साथ

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात. आपल्या ट्रेनी-सीनियर-लीडसारखीच शिडी. पण खरा कस साथसंगतीत लागतो. गायक विलंबित ख्यालात रमलाय आणि तुम्हाला येणारे सगळे कायदे बाजूला ठेवून नुसता ठेका धरायचाय, तोही लय न हलू देता. जमतंय? कामातही सीनियर झाल्याची खूण हीच. येतं ते सगळं दाखवायची गरज संपते आणि दुसऱ्याचं काम उभं राहावं म्हणून आपण मागे थांबतो.

सगळ्यात मोठा फायदा मात्र वेगळाच. पाच-सहा वर्षांच्या नोकरीनंतर 'मला हे येत नाही' असं मीटिंगमध्ये म्हणायची चोरी होते. मग न कळलेल्या गोष्टीवरही मान डोलवली जाते आणि शिकणं तिथेच थांबतं. क्लासात हे वाक्य आठवड्यातून दहादा म्हणावं लागतं. जीभ सरावते. मग सोमवारी एखादा ज्युनियर तोच प्रश्न तिसऱ्यांदा घेऊन आला, की त्याला झटकून टाकण्याआधी तुम्हाला आपला तो न निघणारा 'ना' आठवतो. खुर्ची ओढून द्या त्याला. आणि सुरुवात ठाय लयीत करा!