बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही

स्थिर रेणूतला कोणताही रासायनिक बंध तोडायचा झाला, तर त्याला बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. बंध जुळतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. गोष्ट इतकी सरळ आहे, पण तिच्या नेमके उलटे विधान शिकवणीच्या नोट्समध्ये, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत आणि जीवशास्त्राच्या एरवी चांगल्या पुस्तकांतही सुखाने नांदत असते: ‘रासायनिक बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती मोकळी होते.’ हा समज फक्त शाळकरी मुलांचा आहे असेही नाही. ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’ या नियतकालिकाने २००४ साली याच विषयावर विल्यम गॅली यांचा लेख छापला. त्यातली तक्रार विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलची आहे.

दोन अणू एकमेकांशी बांधले जातात ते तसे राहण्यात त्यांची एकूण ऊर्जा कमी होते म्हणून. चिकटलेले दोन चुंबक ओढून वेगळे करताना हाताला जोर लावावा लागतो, तसाच बांधलेला अणू सोडवायलाही लावावा लागतो. तुटताना ऊर्जा उधळणारा बंध मुळात टिकलाच नसता. बंध-ऊर्जेचा तक्ता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, आणि त्यातला आकडा म्हणजे एक मोल बंध तोडायला लागणारी ऊर्जा. आकडा जितका मोठा तितका बंध भक्कम. अनेकांना मात्र मोठा आकडा म्हणजे ‘मोठा साठा’ वाटतो, आणि पुढचे सगळे गणित उलटे होऊन बसते.

हायड्रोजन जळून पाणी होण्याचे उदाहरण घेतले की हिशेब डोळ्यांसमोर येतो. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांच्यापासून दोन मोल पाण्याची वाफ तयार होते. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात, म्हणजे दोन मोलना ८७२. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तोडायला ४९८. एकूण खर्च १,३७० किलोज्यूल. आता जमेची बाजू. पाण्याच्या दोन मोलमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार मोल बंध जुळतात आणि प्रत्येक मोलमागे सरासरी ४६३ किलोज्यूल मिळतात, बेरीज १,८५२. जमेतून खर्च वजा केला की ४८२ किलोज्यूल उरतात. प्रत्यक्ष मोजणीत हा आकडा सुमारे ४८४ येतो. तुटण्याच्या रकान्यात सगळा खर्चच आहे, आणि जी काही कमाई झाली ती जुळण्याच्या रकान्यात. अभिक्रिया उष्मादायी ठरते ती जुळणारे बंध तुटणाऱ्यांपेक्षा भक्कम असतात म्हणून, आणि उष्माग्राही ठरते ती उलट परिस्थितीत. याहून वेगळे रहस्य त्यात नाही.

मग लाकडात, पेट्रोलमध्ये, गॅसच्या टाकीत ‘ऊर्जा आहे’ असे म्हणतात, ते काय? बोलण्यापुरते ते चालते. हिशेबाला बसले की चालत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. हे दोन्ही पूर्ण जळायला किलोमागे साधारण ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे एक टाकी संपेपर्यंत स्वयंपाकघरातल्या हवेतून जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन वापरला जातो. त्याचे बिल येत नाही, म्हणून त्याची आठवणही होत नाही. पण दुहेरी बंध म्हणून पाहिले तर त्या ऑक्सिजनचा बंध फारच कच्चा असतो. दोन अणूंमध्ये दुहेरी बंध, आणि तोडायला अवघे ४९८ किलोज्यूल. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध तोडायला जवळपास ८०० लागतात. कच्चा बंध मोडून पक्के बंध बांधले जातात, आणि त्या फरकावर चहा उकळतो. क्लाउस श्मिट-रोर यांनी २०१५ साली वर उल्लेख केलेल्या नियतकालिकातच याचा पद्धतशीर हिशेब मांडला. सेंद्रिय इंधन कोणतेही असो, जळताना एक मोल ऑक्सिजनमागे साधारण ४१८ किलोज्यूल उष्णता मिळते. इंधन बदलले तरी आकडा फारसा हलत नाही, कारण ऊर्जेचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या कमकुवत बंधामुळे आलेला असतो.

हा गैरसमज इतका चिवट असण्याचे एक कारण जीवशास्त्रात सापडते. पेशीतल्या एटीपी या रेणूचा शोध १९२९ साली लागला. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे लावला. पुढे १९४१ साली फ्रिट्झ लिपमान यांनी ‘ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंध’ ही कल्पना मांडली आणि तो बंध दाखवायला साध्या रेघेऐवजी नागमोडी रेघ वापरली. रेघ सोयीची होती. लिपमान यांना अभिप्रेत होती ती एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होताना मिळणारी निव्वळ ऊर्जा. वाचणाऱ्यांनी मात्र त्या नागमोडी रेघेत दाबून ठेवलेली स्प्रिंग पाहिली. या शब्दप्रयोगाला आक्षेप घेणारा लेख १९५३ सालीच ‘नेचर’मध्ये आला होता, तरी आजही आकृतीत शेवटचा फॉस्फेट सुटतो आणि त्या जागी पिवळा तारा चमकतो. जणू तिथे फटाका पुरून ठेवला होता!

प्रत्यक्षात पाण्याचा रेणू एटीपीवर येतो तेव्हा फॉस्फरस-ऑक्सिजन असा एक बंध तुटतो आणि पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन असाही एक तुटतो. दोन्हींना ऊर्जा द्यावी लागते. लगेच त्याच दोन जातींचा एकेक बंध नव्याने जुळतो. फायदा होतो तो इतर कारणांनी. एटीपीमध्ये शेजारी शेजारी असलेल्या फॉस्फेट गटांवरचे ऋण प्रभार एकमेकांना ढकलत असतात, तो ताण कमी होतो. सुटलेल्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉनांची वाटणी अधिक चांगली होते. आणि पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढून घेतात. या सगळ्याची गोळाबेरीज प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा. जिवंत पेशीत हा आकडा आणखी मोठा असतो, कारण पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापेक्षा कितीतरी जास्त राखून असते. शिवाय पेशी बहुतेक ठिकाणी एटीपी नुसते पाण्याने फोडत नाही. त्याचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूला जोडते आणि त्या मार्गाने काम करून घेते.

स्फोटकांचे काय, असा प्रश्न इथे हमखास येतो. नायट्रोग्लिसरीनला बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही, नुसता धक्का पुरतो. मग तिथे तरी बंध तुटूनच ऊर्जा मिळत असेल? नाही. त्या रेणूतले ऑक्सिजन-नायट्रोजन बंध कच्चे असतात. ते तोडायला ऊर्जा लागतेच, फक्त थोडी लागते. नंतर तयार होतो नायट्रोजन वायू, ज्याचा तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा आहे, शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. धडाका जुळण्याचा आहे.

हा सगळा काथ्याकूट परीक्षेतल्या एका गुणासाठी असता तर सोडून देता आला असता. पण बंध तुटून ऊर्जा मिळते हे एकदा मान्य केले की ‘पाण्यावर चालणारी गाडी’ही मान्य करावी लागते. पाण्यात इतके भक्कम बंध आहेत, ते तोडा आणि गाडी पळवा! मोबाइलवर अशा गाडीचे व्हिडिओ ठरावीक काळाने फिरतात आणि शिकलीसवरलेली माणसे ते पुढे पाठवतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या स्टॅन्ली मायर यांनी हाच दावा करून गुंतवणूकदार मिळवले होते. १९९६ साली तिथल्या न्यायालयापुढे तज्ज्ञांनी त्यांचे यंत्र तपासले. ते साध्या विद्युत अपघटनाचेच निघाले. न्यायालयाने ही फसवणूक ठरवली आणि पैसे परत करायला लावले. पाणी हे हायड्रोजन जळून झाल्यावरचे उरलेले आहे. त्यातून हायड्रोजन परत काढायला निदान तेवढीच ऊर्जा खर्चावी लागते जेवढी तो जळताना मिळाली होती, आणि व्यवहारात त्याहून जास्तच. हायड्रोजनवर चालणाऱ्या खऱ्या गाड्या आहेत. पण त्यांचा हायड्रोजन आधी कुठेतरी वीज किंवा नैसर्गिक वायू खर्चून बनवलेला असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतात. उष्मादायी अभिक्रिया आपोआप सुरू होते, हे खरे नाही: गॅस आणि हवा एकत्र असूनही लायटर लागतोच, कारण पहिले बंध तोडण्याची सक्रियण ऊर्जा कोणीतरी द्यावी लागते. उष्मादायी म्हणजे आग, हेही नाही: कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळू लागते, ज्वाला कुठेच नसते. उष्माग्राही अभिक्रिया तापवल्याशिवाय होत नाही, असे समजणाऱ्यांसाठी बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि नवसागर यांचा प्रयोग आहे. दोन्ही घन पदार्थ साध्या तापमानाला नुसते ढवळले तरी मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते आणि खाली ओली फळी असेल तर चंचुपात्र तिला गोठून चिकटते. उष्णता बाहेर पडते तीच अभिक्रिया घडते, हे मत एकोणिसाव्या शतकात थॉमसन आणि बर्थेलो यांनी मांडले होते, पण अभिक्रियेची दिशा ठरवताना एन्ट्रॉपीही मोजावी लागते हे कळल्यावर ते मागे पडले. उत्प्रेरक अभिक्रियेला ऊर्जा पुरवत नाही. तो कमी चढाची वाट देतो, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या पदार्थांतला ऊर्जेचा फरक होता तेवढाच राहतो. स्फोटकात इंधनापेक्षा जास्त ऊर्जा असते, हाही भ्रमच आहे. एक किलो टीएनटीच्या स्फोटातून चार-साडेचार मेगाज्यूल मिळतात, तर एक किलो सुके लाकूड हवेत जळून सुमारे सोळा.