तपासणी दोघांचीही हवी

हळदीच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली-वसमतच्या पेठांत हिशेबातील रुपयाची चूकही दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिली जात नाही. मात्र लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, तर त्याच घरांत खात्याची एकच बाजू तपासली जाते. सुनेला आधी नांदेडला, मग छत्रपती संभाजीनगरला नेले जाते. मध्ये शिरडशहापूरच्या मल्लिनाथांचे दर्शनही होते. मुलाच्या वीर्यतपासणीचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांना दुकानातील काम आठवते. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो आणि ही तपासणी तुलनेने स्वस्त व वेदनारहित आहे.

त्या कारणांपैकी उच्चारायला सर्वांत अवघड कारण म्हणजे गुप्तरोग. परमा, ज्याला डॉक्टर गोनोरिया म्हणतात, आणि क्लॅमिडिया यांचे जंतू मूत्रमार्गातून वृषणालगतच्या त्या नलिकेपर्यंत पोहोचू शकतात, जेथे शुक्राणू परिपक्व होतात. तेथील सूज ओसरली तरी व्रण राहून वाट बंद होऊ शकते. क्लॅमिडियाची लक्षणे पुष्कळदा जाणवतही नाहीत. पत्नीच्या गर्भनलिकांचेही त्याने असेच नुकसान होते, आणि दोष मात्र तिच्याच माथी येतो.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिले. त्याला शतक होत आले, तरी औषध दुकानाच्या फळीवर हलक्या आवाजात मागितलेल्या गोळ्यांवरच भागवले जाते. अर्धवट औषधाने लक्षण दबते, जंतू उरतात.

शुक्राणू कमी आढळले म्हणजे मुलाच्या वर्तनावर संशय घ्यावा, असे मुळीच नाही. वृषणाच्या फुगलेल्या शिरा किंवा वयात आल्यानंतर झालेले गालगुंड हीही कारणे असतात. संसर्ग निघालाच, तर पती-पत्नीने एकाच वेळी पूर्ण उपचार घ्यावेत. अन्यथा तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी. वाट कायमची बंद झाली असली तरी अनेकदा वृषणातून सुईने शुक्राणू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा साधता येते.

शासकीय जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने याचे मोफत उपचार होतात, तेही गोपनीयता राखून. त्याआधी नुसते विचारायचे असेल, तर १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.