न दिसणाऱ्या अक्षराची जागा

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीच्या सभासद-यादीत एक पत्ता दोनदा येत होता. दोन्हीकडे ‘कर्वेनगर’च, काना-मात्रेचा फरक नाही. तरी संगणक दोघांना वेगळं धरून बसलेला. खुणा मोजल्या. क, र, हलन्त, व, एक मात्रा, न, ग, र अशा आठ. दुसऱ्या नोंदीत निघाल्या नऊ. नववी होती, पण दिसत नव्हती.

अशा अदृश्य खुणांमध्ये मुलांच्या ओळखीची आहे ती कोरियन ‘हंगूल फिलर’, युनिकोड क्रमांक ३१६४. मोबाइल गेममध्ये काही जण स्वतःचं नाव कोरं ठेवतात, ते हिच्या जिवावर. नावाच्या चौकटीत नुसती स्पेस बऱ्याचदा चालत नाही. ही चालून जाते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती स्पेस नाही, अक्षर आहे.

तिचा जन्म मात्र गमतीसाठी झालेला नाही. कोरियन लिपीत सुरुवातीचं व्यंजन, मधला स्वर आणि असलंच तर शेवटचं व्यंजन एका चौकोनात बसतं. आजच्या कोरियनमध्ये अशा ११,१७२ जोडण्या होऊ शकतात; १९८७ च्या कोरियन मानकात तयार अक्षरं होती २,३५०. उरलेल्यांसाठी चार घरांची सोय केली: पहिल्या घरात फिलर, पुढच्या तिनांत अक्षराचे तीन भाग. शेवटचं व्यंजन नसेल तर त्या घरातही फिलर. पूजेत वस्त्र नसलं की त्याच्या जागी अक्षता वाहतात, तसंच.

आपल्याकडेही अशी अक्षत होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक आलं. त्यात २१७ व्या क्रमांकावर चक्क ‘अदृश्य व्यंजन’ होतं. तक्त्यावर नुसती वेलांटी छापायची, तर तिला टेकायला काहीतरी हवं, ते हे.

युनिकोडमध्ये मराठीशी जास्त संबंध येतो तो शून्य रुंदीच्या जोडकाचा, म्हणजे झेडडब्ल्यूजेचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तिथे र, हलन्त आणि या मिळून रफार होतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ वेगळ्या. त्या लिहिण्याचे मार्ग दोन. एकात ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन हलन्त द्यायचा. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे हा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच, पोटात वेगळे. म्हणून एका पद्धतीनं शोधलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला असला तर काही प्रोग्रॅमना सापडत नाही.

‘कर्वे’मधल्या हलन्तानंतर हा जोडक घुसला, तर रफार उतरून ‘कऱ्वे’ दिसेल आणि चूक लगेच पकडली जाईल. आमच्या यादीत तो अगदी शेवटी, ‘गर’च्या मागे बसला होता. तिथे त्याला जोडायला काही नव्हतं, म्हणून दिसायलाही काही नव्हतं. असा पाहुणा बहुधा कुठून तरी कॉपी केलेल्या मजकुराबरोबर येतो. कर्सर शब्दाच्या शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस दाबावी. काहीच पुसलं गेल्यासारखं वाटलं नाही, तर तोच गेला समजावं.

आमच्या कमिटीतल्या एका उत्साही काकांनी मात्र फाइलमधले सगळेच जोडक एका फटक्यात काढून टाकले. पत्ता एकदाच येऊ लागला. त्याच फाइलमधल्या नोटिशीत मात्र ओळ उरली: ‘पायर्या ओल्या आहेत, जपून उतरा.’