डोळ्याची खाज : मिरचीची की परागाची?



ऊस सोडून डोळ्यांवर लिहिण्याचे कारण असे की, गटात फिरताना दर हंगामात चार-दोन घरी एकच गाऱ्हाणे कानावर येते. पोराचे डोळे लाल, पाणी गळते, खाज थांबत नाही. आणि बहुतेक घरी दुकानातून परस्पर आणलेली एक बाटली असते. त्या बाटलीविषयी मुख्यतः लिहावयाचे आहे. पण आधी खाज येते कशी, ते पाहू.

डहाणू तालुक्यातील वाणगाव मिरचीसाठी नावाजलेले. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथील मिरचीचे प्लॉट पाहण्यास गेलो होतो. एका बागायतदाराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा सारखा डोळे चोळीत होता. वडील म्हणाले, "मिरची लागली असेल, साहेब, दुसरं काय!" पण पोरगा तोडणीला गेलाच नव्हता, आणि दिवाळी झाली की दरसाल त्याचे हे सुरू होते.

येथेच फरक आहे. मिरचीतील कॅप्सेसिन डोळ्यातील वेदनेच्या मज्जातंतूंना थेट झोंबते. कोणाच्याही डोळ्यात जावो, पहिल्याच वेळी झोंबणार; आणि धुतल्यावर थोड्या वेळाने उतरणार. गवताचा पराग तसा नाही. तो मुळात निरुपद्रवी. पण काहींच्या शरीरातील टी पेशी त्याला शत्रू समजतात आणि बी पेशींकडून त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार करवून घेतात. ही प्रतिद्रव्ये डोळ्याच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या वेळी त्रास काहीच होत नाही. म्हणून लोक म्हणतात, "इतकी वर्षे काही झालं नाही, आताच कसं?"

पुढल्या हंगामात तोच पराग आला, त्यातील प्रथिन शेजारच्या दोन प्रतिद्रव्यांना एकदम चिकटले, की मास्ट पेशी आपल्या पोटातील हिस्टामिन बाहेर ओतते. काही मिनिटांत खाज, लाली, सूज, पाणी! (जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांना १८७८ च्या सुमारास या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. खाऊन फुगल्या असाव्यात असे वाटून त्यांनी खुराकावरूनच हे नाव दिले.) काही तासांनी इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात, म्हणून पराग गेला तरी त्रास रेंगाळतो. चोळल्याने मास्ट पेशी आणखी फुटतात. सारखे चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. ती संसर्गाची, एकाची दुसऱ्याला लागणारी. ॲलर्जी लागत नाही, तेव्हा पोराला घरात वेगळे बसविण्याची गरज नाही. मुलग्यांमध्ये अधिक आढळणाऱ्या एका जुनाट प्रकारात मात्र वरच्या पापणीच्या आत खडे अंथरल्यासारख्या गाठी येतात आणि चिकट, तारेसारखा स्राव येतो. असे दिसले तर नेत्रतज्ज्ञाकडे लगेच न्यावे.

आता ती बाटली. वाणगावच्या त्या घरीही ती होती. तिच्यात स्टेरॉइड होते. स्टेरॉइड सगळ्याच पेशींना गप्प बसविते, म्हणून एका दिवसात आराम वाटतो आणि बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. पण महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, बरं का! डॉक्टरही हे औषध देतात. पण मोजके दिवस, दाब तपासून. तेव्हा घरातली बाटली आजच काढून नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर पुढचा थेंब डॉक्टरांना विचारूनच.

साध्या त्रासाला गार पाण्याची घडी आणि डॉक्टरांनी दिलेले हिस्टामिनरोधक थेंब पुष्कळदा पुरतात. क्रोमोग्लायकेटसारखे थेंब मास्ट पेशीला फुटूच देत नाहीत. मात्र ते हंगामापूर्वी सुरू करावे लागतात. करपा दिसल्यावर नव्हे, आधी फवारणी करावी तसे.

बांधावरचे गाजर गवतही यात भागीदार आहे. १९५१ साली पुण्यात नोंदलेले हे तण आज कोठे नाही? त्याचा परागही ॲलर्जी करतो. फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याच्या डोळ्यांना त्रास आहे त्याला त्या दिवशी बांधावर पाठवू नये.