'फास्ट' या विशेषणाच्या अर्थच्छटा : सोलापूरच्या वस्त्रोद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर येथील अक्कलकोट रोड एमआयडीसी हा परिसर यंत्रमागावरील चादरी व टेरी टॉवेल यांच्या उत्पादनासाठी परिचित आहे. या उद्योगाच्या इंग्रजी परिभाषेत 'फास्ट' हे विशेषण वारंवार आढळते. 'फास्ट लोकल'मुळे मराठी भाषक विद्यार्थ्यास त्याचा 'जलद' हाच अर्थ ठाऊक असतो. परिणामी 'फास्ट कलर'चे भाषांतर 'जलद रंग' असे होण्याचा संभव असतो.

अर्थविकास :
जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'घट्ट, स्थिर, अढळ' असा होता. क्रियाविशेषण म्हणून तो 'घट्टपणे' यावरून 'जोराने' व पुढे 'वेगाने' या अर्थाकडे सरकला. विशेषणास वेगाचा अर्थ त्यानंतर प्राप्त झाला. उपवासवाचक 'फास्ट'ही नियम दृढपणे पाळण्याच्या कल्पनेतूनच आला आहे.

उद्योगातील उपयोग :
वस्त्रोद्योगात मूळ अर्थ आजही टिकून आहे. 'फास्ट कलर' म्हणजे पक्का रंग. धुलाईतील पक्केपणा करड्या पट्टीवर १ ते ५, तर प्रकाशातील पक्केपणा निळ्या लोकरीच्या पट्टीवर १ ते ८ या श्रेणींत मोजतात. मोठा आकडा अधिक पक्केपणा दर्शवितो. उन्हात टिकणारा रंग धुलाईत टिकेलच असे नाही. म्हणजेच हे विशेषण सापेक्ष असून 'कशाला पक्का?' या प्रश्नाच्या उत्तराविना ते अपुरे राहते.

टेरी विणीत आणखी एक छटा दिसते. तीन बाण्यांच्या विणीत पहिले दोन धागे कापडाच्या विणलेल्या कडेपासून काही अंतरावर ठेवले जातात. ते 'लूज पिक' होत. तिसरा 'फास्ट पिक' होय. त्या वेळी फणी तिन्ही धागे कडेपर्यंत ठोकते आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. येथे वेगाचा काहीही संबंध नाही.

निष्कर्ष :
अर्थनिश्चितीसाठी विरुद्धार्थी शब्द उपयुक्त ठरतो. विरोध 'स्लो'शी असेल तर 'जलद', 'लूज'शी असेल तर 'घट्ट' आणि रंग विटण्याशी असेल तर 'पक्का' असा अर्थ घ्यावा. मराठीतील 'पक्का' शब्दही पक्का रंग, पक्की बातमी, पक्का हिशेब असा संदर्भानुसार बदलतो. अध्यापनात या ओळखीच्या शब्दापासून आरंभ केल्यास अर्थभेद सहज उमगतो. निर्यातीच्या करारात 'फास्ट' शब्दापुढे धुलाई की प्रकाश हे वाचावयाचे राहिले, तर तयार माल परत येऊ शकतो; म्हणून या विशेषणाचे आकलन हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न राहत नाही.