मेंदूचे चित्र : प्रत्येक यंत्राचा प्रश्न वेगळा

एखाद्या व्यक्तीचे तोंड अचानक वाकडे होते, एक हात उचलत नाही, वाचा अडखळते. नातेवाईक रुग्णालयात धाव घेतात. तातडीने सीटी स्कॅन होतो आणि त्यात काहीच दोष दिसत नाही. तरीही डॉक्टर पक्षाघाताचे उपचार सुरू करतात आणि नंतर एमआरआयही करण्यास सांगतात. एकाच मेंदूच्या दोन तपासण्या कशासाठी, असा प्रश्न नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. मेंदूचे चित्रण करणारी तंत्रे परस्परांना पर्याय नसून, त्यातील प्रत्येक तंत्र वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते, हे त्यामागील कारण आहे.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांच्या साह्याने मेंदूची छेदचित्रे घेतली जातात. गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. काही मिनिटांत होणाऱ्या या तपासणीत ताजा रक्तस्राव आणि कवटीचे अस्थिभंग स्पष्ट दिसतात. पक्षाघातात हीच माहिती सर्वप्रथम हवी असते. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास तेच औषध जिवावर बेतू शकते. रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणारी इजा मात्र पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणूनच ‘निर्दोष’ अहवालाचा अर्थ ‘पक्षाघात नाही’ असा होत नाही.

ही सुरुवातीची इजा एमआरआय टिपू शकतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट प्रबळ क्षेत्रात, शरीरातील पाण्यामधल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून मिळणाऱ्या संदेशांवरून हे चित्र तयार होते. यात क्ष-किरण नसतात आणि मऊ पेशीजालाचे बारकावे उत्तम दिसतात. परंतु तपासणीस बराच वेळ लागतो, खर्च अधिक येतो आणि काही प्रकारचे पेसमेकर किंवा धातूचे तुकडे शरीरात असल्यास ती करता येत नाही.

रचना नव्हे, कार्य

ही दोन्ही तंत्रे प्रामुख्याने मेंदूची रचना दाखवतात. त्याचे कार्य पाहण्यासाठी अन्य तंत्रे आहेत. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी द्रव्य जोडलेली शर्करा शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो, हे पाहतात. स्मृतिभ्रंशाच्या निदानात त्याची मदत होते. मात्र रुग्णाला किरणोत्साराची मात्रा मिळते.

फंक्शनल एमआरआयला असे द्रव्य लागत नाही. कार्यरत भागाकडे रक्तप्रवाह वाढतो, त्याची नोंद हे तंत्र घेते. जागा काही मिलिमीटरपर्यंत अचूक कळते. परंतु रक्तप्रवाहातील हा बदल कमाल पातळी गाठण्यास पाच-सहा सेकंद लागतात. विचार पुढे गेलेला असतो, चित्र मागून येते. शिवाय रंगीत ठिपके हे छायाचित्र नव्हे, तर संख्याशास्त्रीय अनुमान असते. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाची अशी तपासणी केली. आवश्यक संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता विश्लेषण केल्यावर त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसली!

ईईजीचे नेमके उलट आहे. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत-लहरी प्रथम नोंदवल्या. सेकंदाच्या हजाराव्या भागातील बदलही ईईजी टिपतो, तोही कमी खर्चात. अपस्माराच्या तपासणीत म्हणूनच त्याचे स्थान कायम आहे. परंतु कवटीमुळे लहरी पसरट होतात आणि त्यांचे उगमस्थान नेमके सांगता येत नाही.

न्यायालयातील कसोटी

यंत्राला त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न विचारल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात शिक्षा ठोठावताना सत्र न्यायालयाने ईईजीवर आधारित चाचणीचाही आधार घेतला. लहरींवरून ‘गुन्ह्याची स्मृती’ ओळखता येते, हा या चाचणीमागील दावा होता. त्यावर शास्त्रज्ञांनी शंका घेतली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही आणि संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरणार नाही, असा निर्णय दिला.

रक्तस्राव, इजा, शर्करेचा वापर, विद्युत-लहरी या खुणा यंत्रे दाखवतात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी रुग्णाची लक्षणे आणि डॉक्टरांची तपासणी यांना पर्याय नाही. अहवाल हाती आल्यावर ‘काय दिसले’ याबरोबरच ‘या तपासणीत काय दिसू शकत नाही’, हेही डॉक्टरांना विचारणे हिताचे ठरते.